बिनतारी टोपी

आमच्या गावात वीज दोन वाटांनी घरात यायची, मीटरमधून नाहीतर आकड्यावरून. नव्वदचं दशक संपता संपता मी तिसरी वाट शोधतेय अशी बातमी टोकावड्यापर्यंत पसरली आणि वायरमन स्वतःहून आमच्याकडे चहाला आला. बशीत चहा ओतून त्यानं इकडचं तिकडचं विचारलं, भाताचं विचारलं, आणि मग हळूच विषयाला हात घातला. तार न टाकता वीज ओढतात म्हणे तुमी. मी आतून तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणली. एक बॅटरीच्या सर्किटला जोडलेलं, दुसऱ्याला नुसता टॉर्चचा बल्ब. दोन्ही वीतभर अंतरावर धरली आणि बल्ब पेटला. वायरमननं दोन्हींच्या मधून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, वेटोळं उलटं करून पाहिलं. आकडा निदान काढून तरी नेता येतो, इथे जप्त काय करायचं, एवढंच तो बोलला आणि चहा अर्धा टाकून गेला.

त्यानंतर आठवडाभर माणसं येत होती. एकानं तर घरापासून खांबापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून आणलं होतं. वीज वीतभरच जाते असं मी सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. वीतभरासाठी एवढी वर्षं शिकलीस काय गो, असं म्हणाला आणि जाताना माझ्या आईकडे त्यानं कीव आल्यासारखं पाहिलं. माझं डोकं असं तापलं होतं की त्या दिवशी मी जेवले नाही.

खरं म्हणजे मी करत होते ते काम साधं होतं. एम.एस्सी. करून कल्याणच्या एका कॉलेजात मी संशोधनाला लागले होते. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. ज्या माणसाच्या छातीत यंत्र बसवलेलं असतं, त्याची बॅटरी संपली की त्याला पुन्हा टेबलावर घेऊन कापावं लागतं. ते न करता कातडीच्या बाहेरून, तार न खुपसता वीज आत पोचवता येईल का, हे मी बघत होते. एका वेटोळ्यात उलटसुलट धावणारी वीज सोडली की शेजारच्या वेटोळ्यात आपोआप वीज उठते, हे जुनंच ज्ञान. पण शेजारचं वेटोळं जरा लांब गेलं किंवा तिरकं झालं की सगळं बोंबलतं. ते बोंबलू नये म्हणून काय करावं, यावर माझं काम अर्धं झालं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला दोन वर्षं लागणार होती.

ही दोन वर्षं घरात कोणाला समजावणार? आईला समजलं होतं, पण आईच्या हातात काही नव्हतं. ज्यांच्या हातात होतं त्या माझ्या वडिलांना, आबांना, ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं भाताच्या गिरणीवर काढली होती त्यांनी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या पट्ट्याच्या खडखडाटात. कान गेले ते हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता. आधी ते स्वतः मोठ्यानं बोलायला लागले, मग आम्ही.

ज्या घरात बहिरं माणूस नाही त्या घराला हे कळायचं नाही. बहिऱ्या माणसाला फक्त ओरडून सांगण्यासारखं असेल तेवढंच सांगितलं जातं. जेवायला चला. गाय सुटली. एसटी आली. मनातलं काही ओरडून सांगता येत नाही. माझ्या संशोधनाबद्दल मी आबांना दोनदा ओरडून सांगितलं. दोन्ही वेळा शेजारच्या काकूंना नीट कळलं, आबांना नाही. काकूंनी तर पुढे चार शंकाही विचारल्या.

कानाचं यंत्र आणून दिलं होतं मी. ते त्यांनी दोन दिवस घातलं आणि तिसऱ्या दिवशी ट्रंकेत टाकलं. सेल संपतो, शिट्टी वाजते ही सांगायची कारणं. खरं कारण वेगळं होतं. कानात यंत्र घातलं की अख्ख्या गावाला कळतं, आणि आबांना ते नको होतं. गावाला तर ते दहा वर्षांपासून माहीत होतं, पण हे त्यांना कोण ओरडून सांगणार.

अशात सापगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा वाशिंदच्या कारखान्यात कामाला होता. बरा वाटला मला. संशोधन काय करता असं त्यानं विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकत बसला, हे मी आजवर फार थोड्यांना करताना पाहिलंय. पण घर जुन्या वळणाचं. लग्न येत्या वैशाखात हवं आणि त्यानंतर कॉलेज बंद, घरात माणूस कमी आहे, असं मध्यस्थानं आधीच कानावर घातलं होतं. आता बैठक व्हायची होती. आमच्याकडे बैठकीत एकदा शब्द दिला की दिला, मग ब्रह्मदेव आला तरी तो फिरत नाही. माझी दोन वर्षं राहतात की जातात, हे त्या ओटीवर एका सकाळी ठरणार होतं, आणि बायकांनी तिथे तोंड उघडायचं नव्हतं.

बोलायचं मुलीच्या बापानं. बाप बहिरा, म्हणून बोलणार थोरले काका. आता थोरले काका म्हणजे देवमाणूस. त्यांच्या तोंडून 'नाय' हा शब्द मी फक्त पंगतीत ऐकलाय, आणि तोही वाढून झाल्यावर. समोरच्यानं चार म्हशी मागितल्या तर काका पाचवी सोडायला उठतील. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, काका हसत हसत मान डोलावतायत आणि माझं कॉलेज संपलंय.

तेव्हा मला टोपीची कल्पना सुचली. आबा अंघोळीला आणि झोपायला सोडले तर कायम पांढऱ्या टोपीत. त्या टोपीच्या काठात मी केसाएवढ्या बारीक तारेचे शेकडो फेरे शिवून टाकले. उजव्या बाजूला आतून बटणाएवढा इयरफोन. टोपी जरा खाली ओढली की तो बरोबर कानाला टेकायचा. ओटीच्या चारी कडांनी, सतरंजीच्या काठाखालून, जाड तारेचे पंचवीस फेरे फिरवले आणि त्यांना मांडववाल्याकडून आणलेला अॅम्प्लिफायर जोडला. वीज जाणारच, म्हणून तो जीपच्या बॅटरीवर चालवला. माइकमध्ये बोललेलं त्या तारेत जायचं आणि टोपीतल्या वेटोळ्यात उठायचं. टोपीला सेल नाही, तार नाही, काही नाही. ओटीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीज आपोआप पोचत होती. वीतभर नाही, चांगली खोलीभर. मी हे आमच्या सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी आकृती काढून मागितली आणि मग आबांची तब्येत विचारली.

पहिल्यांदा आबांना टोपी घालून ओटीवर बसवलं आणि मी माजघरात जाऊन माइकमध्ये विचारलं, आबा, ऐकू येतंय का? ओटीवरून त्यांचा आवाज आला, "वरडू नको."

मी आवाज खाली आणला. आणि मग त्या माजघरात, भाताच्या कणगीला टेकून, मी त्यांना सगळं सांगितलं. छातीतलं यंत्र, वेटोळी, अर्धं झालेलं काम, उरलेलं अर्धं. दहा वर्षांत मी त्यांच्याशी इतकं हळू बोलले नव्हते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, की एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, दोन वर्षं? मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, बरं. आमच्या घरात 'बरं' म्हणजे दगडावरची रेघ.

टोपीत एकच खोट होती. मान ताठ असेल तर आवाज खणखणीत यायचा. मान झुकली की वेटोळं तिरकं व्हायचं आणि आवाज गायब. माझ्या संशोधनातलं तेच दुखणं बापाच्या डोक्यावर येऊन बसलं होतं. त्यामुळे आबा दिवसभर नवरदेवासारखे ताठ बसायला लागले. पण दोनच दिवसांत त्यांनी या खोटीचा फायदा ओळखला. थोरले काका येऊन जमिनीच्या मोजणीची तीच ती कहाणी सांगायला लागले, की आबा अदबीनं मान खाली घालायचे आणि शांततेत बसायचे. काकांना भरून आलं. धाकटा किती मान देतो, असं ते आईला सांगून गेले. आईला मात्र टोपी महागात पडली. माइकपाशी बसून तिनं शेजारच्या काकूंना आबांच्या घोरण्याचं साग्रसंगीत वर्णन केलं, आणि आबा आत येऊन म्हणाले की मी घोरत नाय. आई त्या दिवसापासून त्या कणगीकडे वाकड्या नजरेनं बघायची.

बैठकीच्या दिवशी मी सगळी जय्यत तयारी केली होती. एक माइक ओटीवर पानाच्या तबकाखाली, म्हणजे बैठकीतलं बोलणं आबांना ऐकू जाईल. दुसरा माजघरात माझ्या हातात, म्हणजे काका घसरले की मी आबांना सांगू शकेन, आता बोला. दाराच्या फटीतून मला दोन्ही व्याह्यांची पाठ दिसणार होती, कारण दोघांना शेजारी शेजारी बसवायची पद्धत. मी कोन मोजला होता, अॅम्प्लिफायरची गुरगुर घालवली होती, बॅटरी भरली होती. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली होती, जी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बैठकीची सुरुवात टोपी-टॉवेलनं होते.

दोन्हीकडचे एकमेकांचा मान करतात. व्याह्याच्या डोक्यावरची जुनी टोपी उतरवायची, नवी घालायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा. आणि मानाची टोपी एकदा डोक्यावर बसली की नारळ हातात पडेपर्यंत काढायची नाही. हे सगळं चाललं होतं तेव्हा मी कणगीमागे वाकून अॅम्प्लिफायरची सैल झालेली पिन बसवत होते. मुलाच्या वडिलांनी आबांची टोपी उतरवली आणि खाली पडू नये म्हणून थोरल्या काकांच्या हातात दिली. आबांच्या डोक्यावर नवी टोपी आली. मग काकांची पाळी. आमची नवी टोपी तबकात टॉवेलखाली होती. पण काकांच्या हातात आधीच एक स्वच्छ, कडक, पांढरी टोपी होती. काकांनी ती मुलाच्या वडिलांच्या डोक्यावर घातली आणि मायेनं कानापर्यंत ओढून नीट बसवली.

मी वर आले आणि फटीला डोळा लावला. दोन पांढरे सदरे, दोन पांढऱ्या टोप्या, दोन्ही माना उन्हातान्हात रापलेल्या. त्यातला एकजण सरळ काठीसारखा ताठ बसला होता. ताठ मान म्हणजे आबा, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

बोलणी सुरू झाली. मुलाच्या वडिलांच्या मिशा एवढ्या की शब्द त्यांतून गाळून यायचे. वैशाखात लग्न, म्हणाले. काका म्हणाले, हो हो. पोरीचं शिकणं आता पुरे, म्हणाले. काका म्हणाले, हो तर.

मी माइक तोंडाशी धरला. "आबा, हो म्हणू नका. आधी दोन वर्षांचं बोला."

ताठ मान आणखी ताठ झाली. पण बोलणं काही नाही. मी पुन्हा सांगितलं. मान एकदा छताकडे वळली, एकदा दाराकडे, मग एकदम खाली झुकली. मला वाटलं, आबा ऐकायचं टाळतायत. घाबरले. आयत्या वेळी बाप कच खातोय म्हटल्यावर माझा तोल गेला. मान हळूच वर आली तशी मी सुरूच केलं. म्हटलं, त्या मिशाळ गृहस्थांना भिऊ नका. त्यांना सून नकोय, गोठ्याला माणूस हवंय. असं असेल तर म्हसाच्या यात्रेत गुरांच्या बाजारात जा म्हणावं, तिथे दात बघून घेता येतं. म्हटलं, मी लग्नाला नाही म्हणत नाही, मुलगा चांगला आहे, पण माझं काम अर्धं टाकून मी आले तर त्यांच्या घरात आयुष्यभर चिडलेली बाई येईल, हे त्यांना सांगा. तुम्हाला नाही सांगितलं तर मी कोणाला सांगू? मान खाली गेली, वर आली, खाली गेली, वर आली. काकांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि ते जास्तच खुलले.

तेवढ्यात आई पाण्याची कळशी न्यायला आत आली. माझ्याकडे बघून तिनं सहज विचारलं की आबांची ती टोपी होणाऱ्या सासऱ्याच्या डोक्यावर कशी. मी गर्रकन वळले. मग फटीतून पाहिलं. ताठ मान किंचित वळली होती, आणि त्या मानेच्या बाजूनं मिशी दिसत होती. शेजारी खरे आबा नव्या टोपीत, मुलीच्या बापाला शोभेल अशी खाली मान घालून बसले होते, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. म्हसाच्या यात्रेपासून सगळं त्या माणसाच्या कानात गेलं होतं, आणि मानाची टोपी म्हणून बिचाऱ्याला ती काढताही येत नव्हती.

ओटीवर काकांनी नारळ उचलला. नारळ दिला की शब्द गेला. मी कणगीला धरून उभी होते. दार उघडून बाहेर जावं असं वाटत होतं, पण बायकांनी तिथे तोंड उघडायचं नव्हतं.

आबांना ऐकू येत नव्हतं, पण नारळ दिसत होता. त्यांनी मान ताठ केली, तरी आवाज येईना, म्हणून डोक्यावरची टोपी चाचपली. ती हलकी लागली असावी. इकडे तिकडे पाहिलं, व्याह्याच्या टोपीकडे पाहिलं, त्या टोपीच्या कडक काठाकडे पाहिलं. मग उठले, आणि भर बैठकीत होणाऱ्या व्याह्याच्या डोक्यावरची टोपी त्यांनी दोन्ही हातांनी उतरवून घेतली.

आमच्याकडे एवढ्यावरून डोकी फुटलीयत. काकांच्या हातात नारळ तसाच राहिला. आबांनी आपली टोपी झटकली, घातली, उजव्या कानावर ओढली आणि मान ताठ करून खाली बसले.

"माज्या पोरीचं चाललंय," ते म्हणाले. "मला ऐकायचंय. पैल्यापासून बोला."

काका काकुळतीला आले. तबकाजवळ वाकून म्हणाले, अरे सगळं ठरलं, आता काय बोलायचं.

"ठरलं तवा मी नव्हतो," आबा म्हणाले.

मुलाचे वडील बोडक्या डोक्यानं बसले होते. आता उठणार, चपला घालणार, जीपमध्ये बसणार, असं मला वाटलं. त्यांनी कानात बोट घालून हलवलं. मग आबांच्या टोपीकडे बराच वेळ पाहिलं, माजघराच्या दाराकडे पाहिलं.

"पोरीला दोन वर्षं पायजेत," ते म्हणाले. "न दिली तर जन्मभर चिडलेली राहील. बरोबर ना?"

तुमाला कोनी सांगितलं, असं आबांनी विचारलं.

"तिनंच. समद्यांच्या देखत सांगितलंन, तुमाला कोनाला ऐकू नाय गेलं." मिशीवरून हात फिरवून ते पुढे म्हणाले, "दिली दोन वर्षं. आनि मी यात्रेला जानारा मानूस नाय, एवढं तिला सांगा."

कोणाला काही कळलं नाही, पण कोणीतरी हसलं म्हणून सगळे हसले. बापामागे बसलेला मुलगा मात्र मनापासून हसत होता. काकांनी सवयीनं हो हो म्हटलं. माजघरात मी मटकन खाली बसले आणि मला हुंदका आला, मग दुसरा, मग आवरेनाच. आई पदरानं माझं तोंड पुसत होती आणि हातातला माइक बंद करायचं दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

ओटीवर आबांनी एक हात वर करून बैठक थांबवली. मान जराही न झुकवता, समोर भिंतीकडे बघत, सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "रडू नको गो. मला ह्यांचं ऐकू येत नाय."